नवं मार्कअप आलं की लगेच उडी मारायची का?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी गाळली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)



आज आधी एक छोटा प्रयोग. पुढच्या वेळी एखाद्या वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकायची वेळ आली की तुमच्या फोनच्या कीबोर्डकडे नीट बघा. काही साइटवर त्या चौकटीत बोट टेकवलं की थेट आकड्यांचा मोठा कीपॅड वर येतो. काही साइटवर मात्र एबीसीडीचा कीबोर्ड येतो, मग आपण आकड्यांचं बटण शोधतो, नंबर टाकतो, मनातल्या मनात दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो.

या दोन साइटमधला फरक किती मोठा आहे? अनेकदा फक्त एका शब्दाचा. पहिल्या साइटच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं की ही चौकट टेलिफोन नंबरची आहे. दुसरीत लिहिलेलं असतं की ही नुसती मजकुराची चौकट आहे. बस.

या अशा लिहिण्यालाच मार्कअप म्हणतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना, हळद, मीठ, साबुदाणा, तसंच. पानातला कुठला भाग मथळा, कुठला परिच्छेद, कुठलं चित्र, कुठली लिंक, हे ब्राउझरला सांगणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे टॅग. आणि कुठल्या चिठ्ठीचा अर्थ काय, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणजे स्टँडर्ड.

आता आजचा प्रश्न. आपल्या श्रोत्यांमध्ये बरेच जण असे आहेत की ज्यांची स्वतःची छोटी साइट आहे. कुणाचा रेसिपीचा ब्लॉग, कुणाची गावाकडच्या पर्यटनाची साइट, कुणी काकांच्या दुकानाचं पान सांभाळतंय. आणि या सगळ्यांकडून फिरून फिरून एकच मेसेज येतो: "दादा, नवीन काहीतरी स्टँडर्ड आलंय. डेव्हलपर म्हणतोय पूर्ण साइट बदलून घ्या. करायचं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसे आहेत, सुट्टीचे दिवस आहेत आणि मुख्य म्हणजे वाचक आहेत. चुकीच्या गोष्टीवर वर्ष घालवलं तर छोटी साइट बंदही पडू शकते. म्हणून आज या वादाच्या दोन्ही बाजू ऐकू. आणि नुसतं मत नको म्हणून वेबच्या इतिहासातली तीन खरी प्रकरणं घेऊ. एक फसलं, एक टिकलं आणि एक मधेच लटकलं.

प्रकरण पहिलं: शिस्तीचा आग्रह

साल २०००. जानेवारी महिना. वेबची स्टँडर्ड ठरवणारी संस्था, डब्ल्यूथ्रीसी, हिने एक्सएचटीएमएल १.० जाहीर केलं. त्याच्या आधी डिसेंबर १९९९ मध्ये एचटीएमएल ४.०१ आलेलं होतं. विचार असा होता की एचटीएमएल आता पुरे, पुढचा काळ एक्सएमएलचा.

एक्सएमएलची खासियत काय? शिस्त. प्रत्येक उघडलेला टॅग बंद झालाच पाहिजे. टॅग एकात एक नीट बसलेच पाहिजेत. अवतरणचिन्हं राहता कामा नयेत. आणि चूक झाली तर? तर वाचणाऱ्या प्रोग्रामने तिथेच थांबायचं. अंदाज बांधायचा नाही, सांभाळून घ्यायचं नाही. आपल्याकडे कचेरीत कसं, पंधरा पानी अर्जात एक सही राहिली तर अख्खा अर्ज परत. तसंच.

आता हे ऐकून हसू नका, कारण शिस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे चांगलं कारण होतं. त्या वेळचे मोबाइल आठवा, किंवा घरात कुणाकडे जुना डबा फोन पडलेला असेल तर बघा. मेमरी अगदी थोडी. गबाळं एचटीएमएल समजून घ्यायला ब्राउझरला बरीच डोकेफोड करावी लागते, कारण लोक वाट्टेल तसं लिहितात. शिस्तीत लिहिलेलं पान वाचायला छोटा, हलका प्रोग्राम पुरतो. त्यामुळे फोनसाठी एक्सएचटीएमएलची एक छोटी आवृत्तीसुद्धा निघाली आणि त्या काळच्या वॅपवाल्या फोनवर ती वापरलीही गेली. म्हणजे हेतू आपल्यासारख्या फोनवाल्यांच्या भल्याचाच होता.

मग घोडं अडलं कुठे?

दोन ठिकाणी. एक म्हणजे त्या काळी बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर असलेला ब्राउझर, इंटरनेट एक्स्प्लोरर. एक्सएचटीएमएल खऱ्या पद्धतीने, म्हणजे एक्सएमएल म्हणून पाठवलं, तर तो पान दाखवायचाच नाही, फाइल डाउनलोड करायची का असं विचारायचा. हा सपोर्ट त्यात आला थेट नवव्या आवृत्तीत, २०११ साली. अकरा वर्षं! तोवर सगळे काय करत होते? लिहायचं एक्सएचटीएमएल आणि पाठवायचं एचटीएमएल म्हणून. ब्राउझर ते साधं एचटीएमएल समजूनच वाचायचा. म्हणजे कडक इस्त्रीचा गणवेश घातला, पण शाळेत हजेरी घ्यायला कुणीच नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. वेबचं पान एकटा माणूस लिहीत नाही. लेख एकाचा, जाहिरात दुसऱ्याची, खाली प्रतिक्रिया तिसऱ्याची. आता समजा तुमच्या रेसिपीखाली एका काकूंनी प्रतिक्रिया लिहिली आणि मीठ आणि मिरची यांच्यामध्ये "आणि" न लिहिता इंग्रजी अँडचं चिन्ह टाकलं. साइटच्या सॉफ्टवेअरने ते चिन्ह नीट बदलून घेतलं नाही, तर एक्सएमएलच्या नियमाने ती चूक. आणि चूक म्हणजे पान बंद. फायरफॉक्समध्ये तर पिवळ्या पार्श्वभूमीवर एररचा मजकूर यायचा. आता सांगा, यात शिक्षा कुणाला झाली? प्रतिक्रिया लिहिणाऱ्या काकूंना नाही, प्रोग्रामरलाही नाही. शिक्षा झाली त्या वाचकाला, जो साबुदाणा भिजत घालून रेसिपी बघायला आला होता.

एवढं होऊनही पुढचं पाऊल आणखी मोठं टाकायचं ठरलं. एक्सएचटीएमएल २. २००२ मध्ये त्याचा पहिला मसुदा आला. त्यात जुन्या पानांशी जुळवून घेण्याची फिकीरच नव्हती. फॉर्म भरायची पद्धत वेगळी, मथळ्यांची पद्धत वेगळी. डिझाइन म्हणून बघाल तर सुंदर. पण जगभर आधीच लिहिलेल्या पानांचं काय करायचं, याला उत्तर नाही.

जून २००४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीच्या एका कार्यशाळेत मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी वेगळा प्रस्ताव मांडला: आहे तेच एचटीएमएल हळूहळू वाढवूया. मतदान झालं. बाजूने आठ, विरुद्ध चौदा. प्रस्ताव पडला. मग दोनच दिवसांत ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळा गट जाहीर केला, त्याचं नाव व्हॉट-डब्ल्यूजी. आणि पुढे २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने जाहीर केलं की एक्सएचटीएमएल २ चं काम वर्षअखेरीला थांबवतोय.

विचार करा, त्या मधल्या काळात ज्यांनी "एक्सएचटीएमएल २ येतंय, त्याच्यासाठी सगळं तयार ठेवू" म्हणून कष्ट घेतले, त्यांच्या हाती काय लागलं?

तरी एक गंमत सांगतो. एक्सएचटीएमएल मेलं नाही. तुम्ही फोनवर ईपब फाइलमधलं मराठी ई-पुस्तक वाचत असाल तर त्याच्या पोटात आजही एक्सएचटीएमएलच असतं. कारण पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. ते एकदा बनतं, प्रकाशकाकडे तपासलं जातं, मग बाहेर पडतं. त्यात मधेच कुणी काकू प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. म्हणजे शिस्त वाईट नव्हती, जागा चुकली होती.

प्रकरण दुसरं: सांभाळून घेणारं

आता त्या आठ मतांचं पुढे काय झालं बघा. त्यांनी जे काम सुरू केलं त्यातून एचटीएमएल५ आलं. डब्ल्यूथ्रीसीनेही पुढे हेच काम उचललं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते अधिकृत शिफारस म्हणून जाहीर केलं. २०१९ मध्ये दोन्ही संस्थांचा करार झाला आणि आता एकच दस्तऐवज चालू आहे, जो सतत सुधारत राहतो.

त्यांनी काय वेगळं केलं? त्यांनी चुकांवर बंदी घातली नाही. चूक झाली तर सगळ्या ब्राउझरनी एकसारखंच कसं वागायचं, याचे नियम लिहिले. टॅग बंद करायचा राहिला? हे करा. टॅग उलटसुलट लागला? ते करा. अतिशय कंटाळवाणं काम आहे हे, पण त्यामुळे एकच गबाळं पान सगळीकडे सारखं दिसायला लागलं.

आणि सुरुवातीच्या कीपॅडचं उदाहरण इथलंच. टेलिफोन नंबरची चौकट, ईमेलची चौकट, हे प्रकार एचटीएमएल५ ने आणले. ईमेलच्या चौकटीत गेलं की ॲटचं चिन्ह समोर येतं, तेही त्यातलंच. आता महत्त्वाचा प्रश्न: ज्या जुन्या ब्राउझरला हे प्रकार माहीतच नाहीत, तिथे काय होतं? काहीच बिघडत नाही. एचटीएमएलमध्ये आधीपासूनच असं आहे की चौकटीचा प्रकार कळला नाही तर ती साधी मजकुराची चौकट समजायची. जुन्या फोनवाल्याने नंबर टाकला, फॉर्म गेला, काम झालं. नव्या फोनवाल्याला कीपॅड मिळाला. दोघंही खूश.

व्हिडिओचा टॅग बघा. त्याच्या आत तुम्ही एक साधी लिंक ठेवू शकता. ज्या ब्राउझरला व्हिडिओ टॅग कळतो तो व्हिडिओ दाखवतो. ज्याला कळत नाही तो टॅगकडे दुर्लक्ष करतो आणि आतली लिंक दाखवतो. कुणीही रिकाम्या हाताने परत जात नाही.

म्हणून छोट्या साइटवाल्याला एचटीएमएल५ कडे जाताना एका रात्रीत सगळं बदलावं लागलं नाही. आज एक चौकट, पुढच्या महिन्यात एक व्हिडिओ, असं जमेल तसं करता आलं.

प्रकरण तिसरं: वेग हवा, पण कुणाच्या जागेत?

तिसरं प्रकरण तुमच्या फोनवरून गेलेलं आहे. सात-आठ वर्षांपूर्वी गूगलवर बातमी शोधली की काही निकालांशेजारी एक छोटं विजेचं चिन्ह दिसायचं, आठवतंय? टॅप केलं की पान फटकन उघडायचं. ते ॲम्प. गूगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये ते जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१६ पासून ते सर्चमध्ये दिसायला लागलं.

आता त्या वेळची आपली परिस्थिती आठवा. जिओ सुरू झालं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याच्या आधी डेटा पुरवून पुरवून वापरायचा, नेटवर्क हळू आणि बातम्यांच्या साइट म्हणजे जाहिरातींचा बाजार. एक पान उघडायला घ्यावं तर मजकूर खाली-वर उड्या मारतोय. वाचायला जावं तर बोट जाहिरातीवर पडतंय. अशा वेळी कुणी म्हणालं की आमचे नियम पाळा, पान झटक्यात उघडेल, तर ते नको कोण म्हणेल?

आणि नियम खरोखर चांगले होते. स्वतःचं जावास्क्रिप्ट सुरुवातीला पूर्ण बंद. सजावटीचा कोड, म्हणजे सीएसएस, सुरुवातीला जास्तीत जास्त ५० केबी. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधीच सांगायची, म्हणजे चित्र येईपर्यंत जागा राखून ठेवता येते आणि मजकूर उड्या मारत नाही. ॲम्पच्या बाजूने बोलणारे म्हणायचे की इतकी वर्षं साइटवाल्यांना हात जोडून सांगितलं, पानं हलकी करा, कुणी ऐकलं? आता निदान ऐकतायत. हा मुद्दा खोटा नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणं काय होतं?

पहिलं, एकाच लेखाची दोन पानं सांभाळायची. एक आपलं नेहमीचं, एक ॲम्पचं. मोठ्या वृत्तपत्राकडे माणसं असतात. एकट्याने ब्लॉग चालवणाऱ्याने रात्री जेवण झाल्यावर हे करायचं.

दुसरं, चित्रासाठी नेहमीचा टॅग चालत नव्हता, ॲम्पचा वेगळा टॅग लागायचा. आणि तो टॅग ब्राउझरला मुळात कळत नाही. ॲम्पची स्क्रिप्ट आली तरच चित्र दिसणार. इतकंच काय, ॲम्पच्या प्रत्येक पानात सक्तीने टाकायचा एक ठरलेला तुकडा होता. स्क्रिप्ट काही कारणाने पोहोचलीच नाही, तर त्या तुकड्यामुळे आठ सेकंद पान कोरं राहायचं. वेगासाठी बनवलेली गोष्ट, आणि एक फाइल अडकली की आठ सेकंद पांढरा पडदा.

तिसरं, आणि सगळ्यात मोठं. सर्चमधून पान उघडलं की ते तुमच्या साइटवरून येत नव्हतं, गूगलच्या साठ्यातून येत होतं. वर पत्ता गूगलचा. कुणी ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर पाठवलेला पत्ताही गूगलचा. आणि फोनवर सर्चच्या वरच्या पट्टीत, त्या टॉप स्टोरीजमध्ये यायचं असेल तर बातमीच्या साइटला ॲम्प हवंच. जानेवारी २०१८ मध्ये अनेक वेब डेव्हलपरनी जाहीर पत्र काढून यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं असं की वेगाला बक्षीस द्या, पण तो वेग अमुकच पद्धतीने आणला पाहिजे ही अट नको.

पुढे काय झालं? २०२१ मध्ये गूगलने टॉप स्टोरीजसाठीची ॲम्पची अट काढली, विजेचं चिन्हही काढलं. मग अनेक साइटनी ॲम्प सोडायला सुरुवात केली. सोडणंही फुकट नव्हतं बरं का. जुन्या ॲम्प पत्त्यांवरून येणाऱ्या वाचकाला नेहमीच्या पानाकडे वळवायची व्यवस्था करावी लागते, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक तुटतात.

भाड्याच्या घरात स्वतःच्या खर्चाने फरशी बसवली आणि दोन वर्षांनी घर सोडावं लागलं, अशातली गत. फरशी चांगली होती, त्यात वाद नाही. पण ती उचलून नेता येत नाही.

पण यातही गंमत बघा. ॲम्पमधल्या चांगल्या सवयी आता साध्या एचटीएमएलमध्ये करता येतात. चित्र स्क्रीनजवळ आलं की मगच आणायचं, यासाठी ब्राउझरमध्येच आता एक साधा शब्द आहे, क्रोममध्ये तो २०१९ मध्ये आला. चित्राची लांबी-रुंदी लिहायची सोय तर नेहमीच्या टॅगमध्ये कितीतरी वर्षांपासून होती. म्हणजे ज्याने त्या काळात ॲम्प न घेता नुसती आपली पानं हलकी केली, त्याचे कष्ट आजही उपयोगी पडतायत.

मग काय, थांबूनच राहायचं?

आता तुमच्यातले काही जण म्हणतील की सगळ्यांनी वाटच बघायची ठरवली तर नवं काही येणारच नाही. बरोबर आहे. आणि वाट बघण्याचीही किंमत असते, हे मराठीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तुमच्यातल्या लहान मंडळींना माहीत नसेल, पण एकेकाळी मराठी साइट युनिकोडमध्ये नसायच्या. हे मार्कअपचं नाही, अक्षरांच्या एन्कोडिंगचं प्रकरण आहे, पण धडा तोच आहे म्हणून सांगतो. शिवाजी, श्रीलिपी असे वेगवेगळे फाँट असायचे. तो फाँट तुमच्याकडे असेल तर मराठी दिसणार, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा काला. शोधायला गेलात तर सापडणार नाही, कॉपी केलं तर दुसरीकडे कचरा.

युनिकोडकडे जाताना जुन्यांचं नुकसान झालं का? हो, झालं. विंडोज ९८ वर ते धड दिसत नव्हतं. पुढे सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसायचे. म्हणजे आत्ताच मी जी कसोटी लावतोय, जुन्या फोनवर काय होतं, त्यात युनिकोड नापास! तरी ते घेणंच बरोबर होतं. कारण आधीच्या पद्धतीत मराठी मजकूर एकेका फाँटच्या कंपनीकडे अडकून पडला होता आणि युनिकोड कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. एकदा युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कुठेही नेता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यातलं तेव्हाचं पान आज तुमच्या फोनवर शोधता येतं, वाचता येतं, मोठ्याने वाचून घेता येतं.

म्हणून माझं मत असं. नवं स्टँडर्ड किती चकचकीत आहे, किती मोठ्या कंपनीचं आहे, हे नंतर बघा. आधी चार प्रश्न विचारा.

एक: ज्याला हे कळत नाही, त्या फोनवर काय दिसेल? थोडं कमी दिसलं तर चालेल. काहीच दिसलं नाही तर दहा वेळा विचार करा.

दोन: चूक झाली तर शिक्षा कुणाला? चूक लिहिणाऱ्याला कळली तर उत्तम. वाचकाचं पान बंद पडणार असेल तर नको.

तीन: फायद्याची किल्ली कुणाच्या हातात आहे? फायदा तुमच्या पानातच असेल तर तो कुणी काढून घेऊ शकत नाही. फायदा दुसऱ्या कुणी देणार असेल, तर तो उद्या बंद होईल असं धरूनच खर्च करा. साधं उदाहरण: प्रश्नोत्तरांना विशिष्ट मार्कअप लावलं की गूगलच्या निकालातच ती उघडून दिसायची, म्हणून कितीतरी साइटनी ते लावून घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे हे मुख्यतः नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतंच दिसेल. लावणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती, तरी फायदा गेला.

चार: उद्या सोडलं तर मागे काय उरतं? युनिकोडमध्ये मजकूर उरतो. ॲम्पमध्ये आवराआवर उरते.

चारही उत्तरं चांगली येतीलच असं नाही. युनिकोड पहिल्यात नापास झालं, पण तिसऱ्या आणि चौथ्यात अव्वल होतं, आणि जुन्यातच राहणं त्याहून महाग होतं. तेव्हा पाचवा प्रश्न मनात ठेवा: काहीच बदललं नाही तर काय गमावतोय? याला नेमकं उत्तर देता येत नसेल, नुसतंच "मागे पडू" असं वाटत असेल, तर तुमचे पैसे सध्या खिशातच बरे.

आपल्याच पॉडकास्टवर लावून बघू

दुसऱ्यांना सल्ले देणं सोपं असतं, म्हणून हीच कसोटी आपल्यावर लावतो. पॉडकास्ट तुमच्या ॲपमध्ये येतो तो आरएसएस फीडमधून. तेही मार्कअपच आहे, आणि २० वर्षांहून जुनं. २०२० मध्ये ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी पॉडकास्टिंग २.० नावाचं काम सुरू केलं आणि फीडसाठी नवे टॅग सुचवले. त्यात एक ट्रान्सक्रिप्टचा टॅग आहे. म्हणजे हा जो मजकूर तुम्ही वाचताय, त्याची फाइल थेट भागाला जोडायची. ज्या ॲपला टॅग कळतो ते ॲप ऐकताना मजकूर दाखवू शकतं.

चला, विचारू. जुन्या ॲपमध्ये काय होईल? अनोळखी टॅगकडे दुर्लक्ष, भाग नेहमीसारखा वाजेल. चूक झाली तर? इथे जरा सांभाळायला हवं, कारण फीड हे एक्सएमएल आहे. टॅग अर्धवट राहिला तर पूर्ण फीड अडकू शकतो. पण फीड हाताने लिहायचा नाही, सॉफ्टवेअरकडून बनवून घ्यायचा आणि बाहेर सोडण्याआधी तपासायचा. ई-पुस्तकासारखंच. किल्ली कुणाकडे? टॅग कुणा एका कंपनीचा नाही. ॲपलनेही मार्च २०२४ पासून तो वाचायला सुरुवात केली. आणि सोडलं तर काय उरतं? मजकूर, जो आपल्याकडे आहेच.

आणि न केलं तर काय गमावतो? ॲपलने स्वतःहून मजकूर तयार करायची सोय आणली तेव्हा भाषा होत्या इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. मराठीचं आपल्यालाच बघावं लागणार. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, त्यांच्यासाठी हा मजकूर म्हणजेच पॉडकास्ट. लोकलच्या गर्दीत हेडफोन घरी विसरलेल्यांसाठीसुद्धा.

तेव्हा हा टॅग आपण घेतोय. त्याच कुटुंबात श्रोत्यांकडून ऐकताना मिनिटामिनिटाला पैसे पोहोचवण्याचाही एक टॅग आहे. तो सध्या नाही घेत, कारण त्यासाठी क्रिप्टो वॉलेटची भानगड येते आणि आपल्या श्रोत्यांसाठी त्यात काय आहे, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. सगळं घ्या किंवा काहीच घेऊ नका, असा आग्रह जिथे नसतो, ते स्टँडर्ड मला आवडतं.

जाता जाता गृहपाठ

नव्याच्या मागे धावण्याआधी एक जुनं तपासा. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा सांगायची सोय १९९७ पासून आहे. मराठीसाठी दोनच अक्षरं लिहायची असतात, एम आणि आर. पण थीम इंग्रजी असते, म्हणून अनेक मराठी पानांवर तिथे इंग्रजीची खूण तशीच राहून जाते. दिसायला काही फरक पडत नाही असं वाटतं. पण काही फाँटमध्ये हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे ल आणि श वेगवेगळे असतात, आणि कुठले दाखवायचे हे या खुणेवरून ठरतं. डोळ्यांनी दिसत नसलेल्या वाचकाला पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रामही कुठल्या भाषेत वाचायचं हे याच खुणेवरून ठरवू शकतो. मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला घेतला तर त्या बिचाऱ्याला काय कळणार?

तर आज रात्री आपल्या साइटच्या थीममध्ये एवढी दोन अक्षरं बघा. पाच मिनिटांचं काम आहे, कुणा डेव्हलपरला पैसे द्यायला नकोत, आणि वरच्या चारही प्रश्नांत ते पास आहे. तुमच्या साइटवर काय निघालं ते कमेंटमध्ये कळवा. आणि कुणी तुम्हाला "पूर्ण साइट बदला" म्हणत असेल, तर त्याला हे चार प्रश्न विचारून त्याची उत्तरंही लिहा. पुढच्या भागात त्यातली काही वाचून दाखवीन.

चला तर मग, भेटू पुढच्या गुरुवारी. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, काळजी घ्या!